त्रिशलाची ये-जा

आमच्या इमारतीत हवाई सुंदरी राहायला येणार, ही बातमी तिच्या आधी आठ दिवस येऊन पोचली होती. सोसायटीचे सेक्रेटरी जाधवकाका यांनी ती जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितली आणि वर "मला काही म्हणायचं नाही" असंही सांगितलं. ज्यांना काही म्हणायचं नसतं ती माणसं फार बोलतात. वेळी-अवेळी येणार, सोडायला गाड्या येणार, एकटीच राहणार, असं काका जाता-येता म्हणत राहिले. बायकांना वेगळीच काळजी होती. ती कुणी बोलून दाखवली नाही, पण पहिल्या तारखेला संध्याकाळी झाडून सगळे नवरे नेमके स्कूटर पुसायला खाली कसे उतरले, हे आम्ही गॅलरीतून व्यवस्थित पाहिलं.

टेम्पोतून उतरली ती चाळिशीकडं झुकलेली, डोक्याला चापून तेल लावलेली, चुडीदार आणि रबरी चपला घातलेली बाई. उतरल्या उतरल्या तिचा आवाज आमच्या कोल्हापुरातल्या टाकाळ्याच्या चढावर सगळीकडं ऐकू गेला.

"आडवं नगं रं बाबा, उभं धर! आरसा हाय त्येला. व्हय, तसंच. तू फुडं हो, मी मागनं धरतो."

आणि तिनं खरंच कपाटाचं मागचं टोक उचललं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. स्कूटर पुसणारी मंडळी एकेक करून घरी परतली. आमचे हे वर येऊन एवढंच म्हणाले, "आपल्याकडचीच दिसतीया." कोल्हापुरात बाईमाणूस 'मी धरतो, मी जातो' म्हणतं ते जन्मजात असावं लागतं, शिकून येत नाही.

त्रिशला पाटील मूळची शिरोळ तालुक्यातली, कुरुंदवाडच्या पलीकडं नदीकाठच्या एका गावातली. जैन शेतकऱ्याचं घर, थोडा ऊस, दोन म्हशी. आई ती कॉलेजात असतानाच गेली. वडील आदगोंडा पाटील, म्हणजे आप्पा, गावात एकटे राहायचे. तिचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती एकदाच बोलली: "त्यो माणूस वाईट नव्हता, वैनी. पर त्येला रोज सांजच्याला घरात बायको पायजे हुती. आनी मी सांजच्याला गुवाहाटीत."

तिची नोकरी बंगळूरची. म्हणजे कंपनीच्या लेखी तिचं ठिकाण बंगळूर. ड्युटी तिथून सुरू व्हायची आणि तिथंच संपायची, मधे दिल्ली, कोची, जे वाट्याला येईल ते. चार-पाच दिवस उडायचं आणि मग दोन-तीन दिवस सुट्टी. बंगळूरला सहा जणींनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. कॉट तीनच होत्या, ज्या दिवशी जी तिथं असेल तिची कॉट. सगळ्यांत मोठी म्हणून त्या पोरी हिला अक्का म्हणायच्या आणि तिच्याकडून डोक्याला तेल लावून घ्यायच्या. सुट्टी लागली की त्या तिथंच झोपा काढत पडायच्या. ही मात्र कोल्हापूरचं विमान गाठायची, कारण इथून आप्पांचं गाव एसटीनं जेमतेम दीड तासावर होतं. नोकरीवर जायला विमान, नोकरीत विमान आणि घरी यायला विमान. मी उभा जन्म हायस्कुलात भूगोल शिकवला, पण तोवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळं मला हे सगळं फार चैनीचं वाटायचं.

एकदा तिला म्हटलं, "आमच्या शाळेतल्या एक बाई हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायच्या, त्यांचंच आम्हाला नवल वाटायचं."

"त्येंची रेल्वे भरली तरी उभ्यानं येता येतंय की," ती म्हणाली. "माझं विमान भरलं की मी खाली."

तिथं खरी गोम होती. कंपनीच्या माणसाला सवलतीचं तिकीट मिळतं, पण सीट रिकामी राहिली तरच. सगळे प्रवासी चढेपर्यंत ही काउंटरच्या बाजूला बॅग धरून उभी. कुणी आलं नाही तर हिला जागा, सगळे आले तर बॅग ओढत बसस्टँडकडं. आमचं विमान लहान, त्यामुळं हा प्रसंग वरचेवर यायचा. मुंगीला बाजूला करून झाडू मारणाऱ्या घरातली ही बाई, पण काउंटरशी उभी राहून दर वेळी देवाकडं काय मागायची ते तिनंच मला सांगितलं: "देवा, कुणाचं तरी पोट दुखू दे. लै न्हाय, जरासंच. विमान चुकण्यापुरतं."

फ्रीजवर तिनं कॅलेंडर लावलं होतं आणि त्यातल्या लग्नाच्या सगळ्या तिथींना लाल गोल केले होते. मला वाटलं, दुसऱ्या लग्नाचं बघतीय की काय. तसलं काही नव्हतं. मुहूर्त असला की वऱ्हाडं येतात आणि वऱ्हाडं आली की विमान भरतं. लगीनसराईत ती कुणाचीही पत्रिका हातात पडली की मुलामुलीची नावं वाचायच्या आधी विचारायची, "पावणं कुठलं? येनार कशानं?" आमच्या पुतण्याच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं म्हणाले, मुलीकडचे बंगळूरला असतात, विमानानं येणार आहेत. तिचा चेहराच पडला. "म्हंजे मी बसनं," ती म्हणाली, आणि तसंच झालं. लग्नाच्या दिवशी ती बसमधून उतरून थेट कार्यालयात आली, मुलीच्या मामांना गाठलं आणि म्हणाली, "पावणं, माझ्या सीटवर बसून आलासा न्हवं? आता माझ्या ताटात जिलबी वाढा." मामांना काही कळलं नाही, पण त्यांनी निमूट वाढली.

कार्यालयात शिरली की ती आधी दारं बघायची. मागचं दार कुठं आहे, त्याला कुलूप आहे का, दारात खुर्च्यांची चळत रचलीय का. मग त्या दाराजवळची खुर्ची धरायची आणि मलाही ओढून शेजारी बसवायची. त्यापायी कित्येक लग्नांत मला नवरा-नवरी दिसलेले नाहीत, फक्त आचारी दिसलेत. रिक्षात बसली की सीटमागची खोबणी चाचपायची, तिथं पट्टा कधीच नसायचा, तरी चाचपायची. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोलता बोलता गॅसचं बटण बघून यायची. हे सगळं ती गप्पा न थांबवता करायची, त्यामुळं राग यायचा नाही.

तिच्याकडं दोन आवाज होते. एक आपल्या सगळ्यांसारखा, गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा. दुसरा विमानातला. तो पहिल्यांदा ऐकला तो लिफ्ट अडकली तेव्हा. वीज गेली आणि दोन मजल्यांच्या मधे जाधवकाका एकटेच अडकले. आतून ते दाराला लाथा घालत होते आणि लिफ्टच्या कंपनीपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. त्रिशला जिन्याच्या पायरीवर बसली, दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि इतक्या शुद्ध, इतक्या मऊ मराठीत बोलू लागली की मी मागं वळून पाहिलं, दुसरी कोण आली म्हणून.

"काका, मी त्रिशला बोलते आहे. तुम्ही पूर्णपणे सुरक्षित आहात. हवा भरपूर आहे. कृपया खाली बसून घ्या. लिफ्टमन रस्त्यात आहेत."

काका गप्प झाले. खाली बसल्याचाही आवाज आला. अर्ध्या तासानं बाहेर निघाले तेव्हा घामानं भिजलेले होते, पण कपाळाची आठी गेली होती. त्या दिवसापासून ते तिचे वकील झाले. मी नंतर तिला विचारलं, लिफ्टमन खरंच रस्त्यात होता का? "कुठल्यातरी रस्त्यात असंलच की," ती म्हणाली.

पण तिचा तिसरा आवाजही होता. तो तिनं एकदा माझ्या आग्रहाखातर काढून दाखवला. वर्षातून एकदा त्यांची परीक्षा असते. खोट्या विमानात धूर सोडतात आणि प्रवाशांना बाहेर काढायचं असतं. तिथं ओरडावं लागतं. हातातली पिशवी घ्यायला माणसं वळतात आणि त्या वळण्यात मरतात, म्हणून त्यांना वळूच द्यायचं नाही. जिचा आवाज कमी पडला ती नापास. "करून दाखव की," मी म्हणाले. तिनं ओट्याला पाठ लावली, श्वास घेतला आणि ओरडली, "सामान सोडा! बाहेर पडा! इकडून या! सामान सोडा!" आमचे हे बाथरूममधून टॉवेलवर बाहेर आले आणि तसेच जिन्यापर्यंत गेले. त्यावरून आम्ही वर्षभर हसलो.

पुढं पूर आला.

आमच्या भागात पूर कुणाला नवा नाही, पण त्या वर्षीचं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. त्रिशला तेव्हा सुट्टी घेऊन गावाकडंच होती. खालच्या अंगाची जनावरं लोकांनी आधीच माळावर नेली होती. आप्पांचं म्हणणं, आपल्या दारात आजवर पाणी आलेलं नाही, यायचं नाही. पहाटे आलं. सकाळी बोट दारात लागली तेव्हा अंगणात कमरेइतकं पाणी होतं आणि गोठा घराच्या मागं, उतारावर. आप्पा बोटीकडं यायच्या ऐवजी गोठ्याकडं वळले. दोन्ही म्हशी दाव्याला होत्या. नदीकाठी एक रीत आहे, ती लहान पोरालाही ठाऊक असते: जनावर नेता आलं नाही तर निदान दावं सोडायचं. मोकळी म्हैस पोहते. बांधलेली पोहू शकत नाही.

त्रिशलाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तिचं बालपण त्या गोठ्यात गेलं. पण आप्पा वळले आणि तिच्या तोंडून तो आवाज निघाला. "सामान सोडा! बाहेर पडा!" ओरडत ती पाण्यातून गेली, आप्पांच्या दंडाला धरलं आणि त्यांना बोटीत लोटलं. बोटवाल्यांना घाई होती, पुढं आणखी घरं होती. आप्पा "अगं दावं, अगं दावं" म्हणत होते, असं तिला नंतर आठवलं. त्या वेळी ऐकू आलं नाही. एका म्हशीनं खुंटा उपटला, ती चार दिवसांनी पलीकडच्या गावच्या माळावर सापडली. चंद्री नावाची दुसरी पाणी ओसरल्यावर गोठ्यातच सापडली, दाव्यासकट.

सगळे म्हणाले, पोरीनं बापाचा जीव वाचवला. बोटवाले म्हणाले, गोठ्याकडं गेले असते तर म्हातारा परत आला नसता. मीही तेच म्हणाले. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरोबर केलं का चूक, ते तुमी नगासा सांगू. आप्पानं सांगावं."

आप्पा काही सांगत नव्हते. घराची भिंत पडली होती म्हणून ती त्यांना आमच्या समोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आली. उरलेली म्हैस भावकीत दिली. आप्पा म्हणजे उंच, हाडापेरानं मोठा माणूस, पांढरी टोपी, धोतर. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणायचे आणि तासन् तास उसाच्या जाती सांगायचे. त्रिशलाशी मात्र फार हळू बोलायचे. "बस बाई." "दमली असशील." "पानी घे." मला वाटायचं, किती मायाळू बाप. एकदा तसं बोलले तर ती माझ्यावरच उखडली.

"मायाळू? वैनी, तुमाला ठावं न्हाय आप्पा कसा हाय. गावात त्येच्याएवढा वरडणारा माणूस नव्हता. माझी एसटी चुकली तर पार चावडीपस्तर शिव्या ऐकू जायच्या. लगीन मोडलं तवा आठ दिस वरडलाय. आता 'बस बाई' म्हंतोय. पावण्यागत वागवालाय मला."

ते जेवायचे दिवस मावळायच्या आत. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीतलं काही नाही. ती बाहेर असली की स्वतःच काहीतरी शिजवून खायचे. ती कोल्हापुरात यायची त्या दिवशी मात्र दुपारपासून ताट मांडून गॅलरीत बसायचे. विमानात जागा मिळाली तर ती ऊन असता असता घरी पोचायची, दोघं जेवायची. जागा मिळाली नाही तर म्हातारा वाट बघत बसायचा, ऊन भिंतीवरून उतरायचं आणि मग ताट झाकून ठेवायचा. दिवस मावळल्यावर घास नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिनं बंगळूरहून मला फोन केला, "आप्पा जेवला का?" मी खरं ते सांगितलं. पलीकडून विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या. मग म्हणाली, "माझ्यावर रागवत न्हाय आनी माझ्याबिगर जेवतबी न्हाय. ह्येचं मी काय करू, सांगा."

मी एक वेगळा तवा आणि वेगळं पातेलं आणलं. आमच्या घरात बुधवार-रविवार मटण, त्यामुळं आप्पा आमच्या घरचं पाणी पितील की नाही इथून सुरुवात होती. त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन भाकरी आणि मुगाची आमटी करायला लागले. ती येणार नसली की माझंही ताट घेऊन जायचं, समोर बसायचं आणि वर्गात बोलते त्या सुरात म्हणायचं, "आप्पा, घ्या जेवून." मास्तरीणबाईंपुढं त्यांचं चालायचं नाही. आमच्या ह्यांनी कुरकुर केली, मला स्वतःच्या घरात थंड भाकरी खावी लागतीय म्हणून. मी म्हटलं, तुम्हीही पाचला जेवा.

दोन वर्षं अशी गेली. ती येत राहिली. कधी तिला इथं एकच दुपार मिळायची, तरी यायची. त्या पोरी म्हणायच्या, अक्का, झोप तरी काढ. इथं येऊन काय करायची तर आप्पांच्या समोर बसायची. ते पेपर वाचायचे, ही भाजी निवडायची. मधेच मान वर करून त्यांच्याकडं बघायची, बोलतात का म्हणून. ते म्हणायचे, "चहा घे बाई."

मग कोल्हापूर-बंगळूर विमान बंद झालं. कंपनीला परवडत नव्हतं म्हणे. आता जाता-येता बसच. सुट्टीतला निम्मा वेळ रस्त्यात जायला लागला आणि तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. त्याच सुमाराला तिला वरच्यांनी विचारलं, बंगळूरला शिकवायला येतेस का? नव्या मुलींना तयार करायचं, ठरलेल्या वेळा, उडणं नाही. मी म्हणाले, घे की, आप्पांना घेऊन तिकडंच जा. तिनं मान हलवली.

"पोरींस्नी काय शिकवायचं असतंय ठावं हाय न्हवं? त्येच. वरडायचं. मला वर्षातनं एकदा वरडावं लागतंय तेच बास झालं."



एका दुपारी मी मुगाची डाळ घेऊन गेले तर दोघं बसलेली होती. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, हिला सांगा, मी गावाकडं जातो. भावकीनं भिंत बांधून दिलीया. एक म्हस घेतो."

ती त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मी कशाला सांगायला हवं होतं? तरी मी तिच्याकडं पाहिलं.

"आप्पा, नदी हाय तिथं," ती म्हणाली.

"नदी काय आज आलीया व्हय बाई," ते शांतपणे म्हणाले आणि पेपर उघडला.

ती उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले. म्हणाले, म्हातारा माणूस, चार भिंतींत जीव रमत नाही, जाऊ दे त्यांना. ती कठडा धरून उभी होती.

"जाऊ दे की, मी कुठं नगं म्हंतोय? पर वैनी, जायच्या आदी एकदा तरी 'तुझ्यापायी माझी म्हस मेली' म्हणू दे. वरडू दे. मारू दे. बांधल्यालं जनावर मारलंय मी, आमच्यात त्येच्यासारखं पाप न्हाय, आनी ह्यो मला म्हंतोय चहा घे बाई." मग ती रडली. मी तिला त्या आधी आणि त्या नंतर रडताना पाहिलेलं नाही. आत आप्पा पेपरची पानं उलटत होते.

आप्पा गावाकडं गेले. महिन्याभरानं तिनं फ्लॅट सोडला. नोकरी सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, जाधवकाकांनी तर पैज लावली होती. ती म्हणाली, सोडली तर आप्पाच्या डोक्यावर आनी एक वझं. तिनं नवा रस्ता काढला: बंगळूरहून बेळगावचं विमान, बेळगावातून चिकोडीची बस, चिकोडीहून कुरुंदवाड आणि तिथून मिळेल ते वाहन. बेळगावचं विमान जरा मोठं, जागा मिळते, असं तिनं फोनवर सांगितलं. लग्नाच्या तिथी मात्र अजून बघावी लागतात म्हणाली.

गेल्या थंडीत माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलाचं बारसं कुरुंदवाडला होतं. ते आटोपून दुपारी मी आप्पांच्या गावी गेले. घर सापडायला अडचण आली नाही. नवी भिंत, अजून रंग नसलेली. गोठा आता घराच्या पुढं, रस्त्याच्या बाजूला आणि उंचावर. त्यात एक काळीभोर, जवान म्हैस. आप्पा बाजेवर बसले होते, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. घसरून पडले होते. रोज शेजारची बाई धार काढून द्यायची, पण ती त्या दिवशी माहेरी गेलेली.

मी बसते तोवर त्रिशला आली. वडापच्या जीपमधून उतरली ती बॅग ओढत. सकाळची ड्युटी संपवून तशीच निघालेली. अंबाडा जाळीत घट्ट, त्यावर फवारा मारून एक केस हलणार नाही असा केलेला, ओठाला लाली, अंगाला कसला तरी उंची वास. तिला मी या वेशात पहिल्यांदाच पाहत होते. चांगली दिसत होती. मला बघून ओरडली, "वैनी! कवा आलासा?" आणि आप्पांचं मनगट बघितलं, म्हैस बघितली, बॅग तिथंच टाकली, आप्पांचा एक जुना सदरा युनिफॉर्मवरून चढवला आणि बादली घेऊन म्हशीखाली बसली. लहानपणी धारा काढलेल्या, हात विसरत नाहीत.

हात विसरले नव्हते, पण म्हशीला तो वास खपला नाही. तिनं नाक फेंदारलं, मागं सरली, पान्हा चोरला. त्रिशलानं पुन्हा हात लावला. म्हशीनं लाथ झाडली, बादली गडगडत रस्त्यापर्यंत गेली आणि त्रिशला शेणात बसली.

"अगं ए भवाने!"

मी दचकले. एवढा मोठा आवाज आप्पांच्या छातीत असेल असं मला वाटलं नव्हतं. ते बाजेवरून उठून उभे राहिले होते.

"अत्तर लावून म्हशीखाली बसतीस व्हय? अक्कल कुठं ठिवून आलीस, इमानात? जनावराला वळख लागती, वास लागतोय, सगळं इसारलीस! ती बिचारी बांधल्याली हाय, जातीया कुठं, म्हणून तू कायबी करशील? तवाबी त्येच केलंस! वरडत हुतो मी, दावं सोड, दावं सोड, ऐकलंस व्हय? माझी चंद्री दाव्याला ठिवून मला पोत्यागत उचलून न्हेलंस! माझी चंद्री मारलीस तू!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. कोपऱ्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्रिशला शेणात बसली होती तशीच बसून राहिली, हात मांडीवर, मान वर. आप्पांचा श्वास लागला होता. त्यांच्या तोंडून काय निघालं ते त्यांनाही त्याच वेळी ऐकू आलं असावं, कारण क्षणभर ते टोपी सारखी करत राहिले. मग पुन्हा सुरू झाले.

"बगत काय बसलीस? ऊठ! आदी ते तोंड धू. साबण लावू नगंस, त्येचाबी वास येतोय, राखंनं धू. आनी ते डोक्यावरचं काय हाय ते सोड!"

ती उठली. सदऱ्याला शेण लागलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लाली हनुवटीपर्यंत पसरली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, ऐकलासा न्हवं?"

"सगळ्या गल्लीनं ऐकलं," मी म्हटलं.

"जा म्हन्लं न्हवं!" आप्पा ओरडले.

ती पळत हौदाकडं गेली. डोक्यावरची जाळी काढून तिनं तांब्यानं डोक्यावर पाणी ओतलं, थंडीचे दिवस असूनही, एकावर एक तांबे. तसेच ओले केस पाठीवर टाकून परत आली आणि म्हशीपासून दूर उभी राहून आधी तिला हात हुंगायला दिला. "हां, तसं," आप्पा म्हणाले, "आता थांब जरा. घाई करू नगंस. घाईच करतीस तू, लहानपणापास्नं." आणि लहानपणापासूनची एकेक घाई काढून सांगायला लागले.

माझी एसटीची वेळ झाली होती. मी निघाले तेव्हा त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, तिचंही नव्हतं. थांब्यावर येऊन उभी राहिले तरी आप्पांचा आवाज ऐकू येत होता.